सॅडल स्टे ढिले का होतात आणि ते नीट कसे बसवायचे

गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सॅडल बॅगा घेताना लोक महिनाभर खल करतात. किती लिटरच्या, पावसात आत पाणी जातं का, पट्टे कसले आहेत, सगळं तपासून होतं. त्या बॅगा ज्या लोखंडी चौकटीला टेकून राहणार, ती चौकट मात्र ‘याची जोडी पण द्या’ म्हणून शेवटी बिलात चढते. बाजारात तिला सॅडल स्टे म्हणतात. दुकानदार सांगतो, दहा मिनिटांचं काम आहे. बसवायला फार वेळ लागत नाही, हे खरंच. पण बसवलेले स्टे जागच्या जागी टिकणं हे निराळं प्रकरण आहे, आणि ते समजून घ्यायला बोल्ट नेमका कसा काम करतो हे थोडं पाहावं लागतं. उदाहरणाला रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतो. आपल्याकडे कोकण असो की लडाख, सामान लादून निघालेल्या गाड्यांमध्ये ती हमखास दिसते.

मुळात स्टे लागतात कशाला? बॅगांची जोडी सीटवरून आडवी टाकली तरी ती लटकतेच की. लटकते, पण झुलतेही. खड्ड्यांत, वळणांवर गाडी हेलकावली की बॅग चाकाकडे सरकते. चाकात बॅगेचा पट्टा गेला तर मागचं चाक जागेवर जाम होऊ शकतं. दुसरा धोका सायलेन्सरचा. क्लासिकचा सायलेन्सर उजवीकडे आहे. बॅगांचं कापड बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं असतं. ते वितळायला दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. पण पट्टे जर पॉलिप्रॉपिलीनचे असतील तर ते १६० अंशांच्या आसपासच वितळतात, आणि पीव्हीसीचं अस्तर तर त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. म्हणजे बॅग शाबूत दिसते आणि तिला धरून ठेवणारा पट्टा आधी जातो. स्टेचं काम एवढंच, की बॅग चाकापासून आणि सायलेन्सरपासून लांब ठेवायची. वजन थोडं फार स्टेवर येतं, पण नरम बॅगांचं बरंचसं वजन सीटवरच्या पट्ट्यांवर असतं. पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कडक पेट्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचा सगळा भार स्टेवर येतो, म्हणून नरम बॅगांसाठी केलेल्या स्टेला पेटी टांगू नये.

आता बोल्टाकडे येऊ. बहुतेकांचा समज असा, की बोल्ट म्हणजे लोखंडी खुंटी. भोकातून आरपार गेली, आता पट्टी तिच्यावर टांगलेली राहील. बोल्ट तसं काम करत नाही. नट आवळताना बोल्ट ताणला जातो, अगदी डब्याला लावलेल्या रबरासारखा, आणि तो ताण दोन्ही तुकड्यांना एकमेकांवर दाबून धरतो. भार पेलतं ते या दाबामुळे निर्माण झालेलं घर्षण. पट्टी बोल्टाच्या दांड्यावर टेकायलाच नको. ती टेकली, म्हणजे जोड आधीच हरलेला आहे.

आकडे पाहिले की हे पटतं. स्टेसाठी बहुधा ८ मिमीचा बोल्ट असतो, ज्याला १२ किंवा १३ नंबरचा पाना लागतो. चांगल्या प्रतीचा असा बोल्ट कोरड्या आट्यांवर २५ न्यूटन-मीटरने आवळला, तर तो सुमारे १५,६०० न्यूटनने दाब देतो. किलोत सांगायचं तर दीड टनाहून जास्त. घर्षणाचा हिशेब अगदी हात आखडता ठेवून केला तरी पट्टी बाजूला सरकवायला दोनशे किलोंच्या वर जोर लागेल. तुमची बॅग आठ किलोंची. खड्ड्यात तिचा भार पाचपट वाढला असं धरलं तरी चाळीस किलो. म्हणजे एकच नीट आवळलेला बोल्टही हे सहज पेलतो, आणि स्टेला तर एका बाजूला तीन-चार बोल्ट असतात.

मग तरी ढिले का होतात?

कारण बोल्ट ताणला जातो तो किती, हे कळलं की धक्का बसतो. दोन पट्ट्या मिळून २० मिमी जाडी धरली तर त्या दीड टनाच्या ताणाला बोल्ट लांबतो जेमतेम ०.०४ मिमी. तुमच्या नव्याकोऱ्या काळ्या स्टेवर पावडर कोटिंगचा जो थर आहे, तो साधारण ०.०६ ते ०.०८ मिमी जाडीचा असतो. या रंगाचा थर दाबाखाली आणि उष्णतेत हळूहळू चेपतो. तो फक्त ०.०२ मिमीने बसला, तरी बोल्टाचा अर्धा ताण संपला. वरून पाहणाऱ्याला काहीही फरक दिसत नाही. हाताने हलवलं तरी घट्ट वाटतं. पण दीड टनाचा पाऊण टन झालेला असतो. नवे स्टे पहिल्या प्रवासातच खडखडायला लागतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं; लोखंड कमजोर निघालं असं फार क्वचित होतं.

पुढचं काम इंजिन करतं. क्लासिक एका सिलिंडरची गाडी आहे. ३,००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० वेळा थरथरतं, म्हणजे तासाला १ लाख ८० हजार वेळा. पुणे ते रत्नागिरी सहा तास धरले तरी दहा लाखांवर हिसके होतात. २०२१ च्या आधीच्या क्लासिकच्या इंजिनात ही थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नव्हता. २०२१ मध्ये आलेल्या नव्या क्लासिकमध्ये तो आहे आणि फरक हँडलवर सरळ जाणवतो. जुनी गाडी असेल तर खाली सांगितलेली कसणी दुप्पट मनावर घ्या.

गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं, की जोडातले दोन तुकडे एकमेकांवर आडवे, अगदी किंचित जरी सरकायला लागले, तरी नट आपोआप उलटा फिरू लागतो. उभ्या हिसक्यांपेक्षा ही आडवी सरकच खरी वैरी. याच प्रकारच्या चाचण्यांत आपला लाडका स्प्रिंग वॉशर फारसा कामाचा नाही हेही दिसलं. पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि त्यानंतर जवळजवळ साध्या वॉशरसारखाच वागतो. गॅरेजमध्ये हे सांगितलं तर मिस्त्री तुमच्याकडे दयेने पाहील. पाहू द्या.

एवढं समजलं की खरेदीत काय बघायचं ते आपसूक कळतं. डाव्या आणि उजव्या स्टेला मागून, नंबर प्लेटच्या मागच्या बाजूने जोडणारी आडवी पट्टी आहे का? ती नसेल तर दोन्ही स्टे आत-बाहेर झुलतात, आणि झुलणं म्हणजे जोडात सरक. पाइपची टोकं चपटी करून त्यात भोक पाडलेलं असेल तर चपट्या भागाच्या सुरुवातीला बोट फिरवून बघा. तिथे धारदार घडी असेल तर तडा पुढे तिथूनच जाईल. वेल्डिंगचा मणी सलग आहे का, की चार ठिपके देऊन वर रंग मारलाय? पाइपची तोंडं उघडी असतील तर पावसाचं पाणी आत शिरतं आणि गंज आतून लागतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. त्यामुळे रबरी बुचं लावून घ्या.

सोबत आलेले बोल्ट हातात घेऊन त्यांची डोकी वाचा. डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असेल तर पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणापर्यंत तो तुटत नाही, आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० पर्यंत तो कायमचा लांबत नाही. डोकं कोरं असेल तर त्याची ताकद किती ते कोणालाच माहीत नाही. असे बोल्ट सरळ बाजूला ठेवा आणि हार्डवेअरच्या दुकानातून ८.८ चे आणा. खर्च एका चहा-नाश्त्याचा आहे. चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट गंजत नाहीत म्हणून लोकांना आवडतात. पण बाजारात मिळणारे नेहमीचे स्टेनलेस बोल्ट ४५० न्यूटनच्या आसपासच कायमचे लांबू लागतात, आणि त्यांचे आटे एकमेकांत चिकटून जाम होण्याची खोडही असते. दिसण्यासाठी वापरायचे तर नंबर प्लेटला वापरा.

बसवण्याचं काम सपाट जागी, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन आणि सायलेन्सर गार झाल्यावर करायचं. आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. वॉशर कुठल्या बाजूला होता यावर नंतर वाद होत नाही.

क्लासिकसाठी मिळणारे बहुतेक स्टे वरच्या बाजूला शॉकअपच्या, म्हणजे मागचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याच्या, वरच्या नटाला आणि खाली किंवा मागे मडगार्डच्या अथवा मागच्या फूटरेस्टच्या बोल्टाला धरतात. एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. या सगळ्या जागा फ्रेमच्या असल्या पाहिजेत. शॉकअपचं खालचं टोक चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मवर असतं आणि ते चाकाबरोबर वर-खाली होतं. स्टेचं एक टोक फ्रेमला आणि दुसरं चिमट्याला बांधलं, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी तो स्टे मुरगाळत राहील.

शॉकअपचा वरचा नट हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. इतर बोल्ट ढिले झाले तर बॅग हलेल; हा ढिला झाला तर गाडीचा मागचा भाग हलेल. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा. डावीकडचं पूर्ण बसवून झाल्याशिवाय उजवीकडच्या नटाला पाना लावू नका. स्टेची पट्टी बाहेरच्या वॉशरच्या पुढे यायला हवी, रबरी बुशवर थेट दाबून नाही. रबर चेपत राहतं आणि नट कधीच धड आवळला जात नाही. पट्टीची जाडी तीन-चार मिमी असते, तेवढी आट्यांची लांबी ती खाते. नट पूर्ण आवळल्यावर त्याच्या पुढे निदान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर नटाने पूर्ण पकड घेतलेली नाही. अशा वेळी त्या जागी बसणारी लांब स्टडची (नट ज्यावर चढतो त्या आटेवाल्या दांड्याची) किट शोधा, नाहीतर दुसऱ्या जागी धरणारा स्टे घ्या. ‘चालतंय की’ इथे चालत नाही. या नटाचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, स्टेच्या पाकिटावरचा नाही. आणि फक्त या एका जागी मी पट्टीवरचं कोटिंग वॉशरच्या मापाइतकं कानशीने घासून काढतो, म्हणजे लोखंडावर लोखंड बसतं. उघड्या कडेला मागाहून रंगाचा हात दिला की गंजाची भीती राहत नाही.

बाकीच्या जागी कोटिंग राहू द्या. पण जाड, रुंद साधा वॉशर घाला. दाब मोठ्या जागेवर पसरला की रंग कमी चेपतो.

सगळे बोल्ट आधी हाताने, पाना न लावता, तीन-चार आटे फिरवून सोडून द्यायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर शेवटचं भोक जुळत नाही, आणि मग लोक पान्याने ओढून, बोल्ट वाकडा घालून काम भागवतात. वाकडा गेलेला बोल्ट आटे खातो. फ्रेममधले आटे गेले की पुन्हा आटे मारायला वर्कशॉप शोधा. हाताने बोल्ट सहज फिरत नसेल तर तो चुकीच्या कोनात आहे, एवढं साधं आहे. सगळे लागल्यावर स्टे जमिनीवरून दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आहे का ते मागे दहा पावलं जाऊन बघा. मगच आवळायला घ्या, थोडं इकडे, थोडं तिकडे असं आलटून पालटून.

किती आवळायचं? ८ मिमीच्या ८.८ बोल्टाला २५ न्यूटन-मीटर, ६ मिमीच्याला १०. टॉर्क पाना नसेल तर २० सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण साडेबारा किलोचा जोर म्हणजे २५. ६ मिमीचा बोल्ट मोडतो तो हमखास जास्त जोराने. त्याला छोटाच पाना वापरा आणि पाना बोटांनी धरा, मुठीने नको. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. आट्यांवर तेल किंवा ग्रीस असेल तर त्याच जोराला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, त्यामुळे आटे आधी पुसून घ्या.

ढिलं न होण्यासाठी दोन खात्रीचे उपाय आहेत. एक, निळं लोकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक. आट्यांवर एक थेंब, आणि पुढे कधी उघडायचं झालं तर साध्या पान्याने उघडतं. लाल लावू नका, ते उघडायला गरम करावं लागतं. दुसरा, नायलॉक नट, ज्याच्या आत नायलॉनची कडी असते. मात्र ही कडी साधारण १२० अंशांच्या पुढे निकामी होते, म्हणून सायलेन्सरजवळच्या जोडाला नायलॉक घालायचा नाही. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरायचाही नाही.

शेवटी प्रत्येक नटावरून पट्टीवर जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली, म्हणजे नट फिरला. हे पाना न लावता, नुसतं वाकून पाहिलं तरी दिसतं. रेघ शाबूत असूनही जोड सैल पडू शकतो, हे वर पाहिलंच. त्याची खूण वेगळी आहे: वॉशरच्या कडेला लालसर-तपकिरी पावडर जमलेली दिसते. बोटाला लागते, हळदीपेक्षाही बारीक. लोखंड लोखंडावर सूक्ष्म सरकत असलं की हीच पावडर निघते. ती दिसली की नुसतं आवळून भागत नाही. बोल्ट काढा, जागा साफ करा, नवा बोल्ट घाला. तो जुना बोल्ट आतून थकलेला असण्याची शक्यता बरीच असते.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही, कारण तोवर आपण ताम्हिणीत पोहोचलेलो असतो. म्हणून स्टे प्रवासाच्या आदल्या रात्री बसवू नयेत. आठवडाभर आधी बसवा, रोजच्या कामाला गाडी न्या, एकदा कसून घ्या, मग निघा. लोकटाइट लावलेला बोल्ट फिरवून पाहिला तर त्याची पकड मोडते. त्यामुळे पहिल्या बसवणीत कोरडं आवळायचं, आणि या दुसऱ्या कसणीच्या वेळी एकेक काढून लोकटाइट लावायचं. माझ्या मते तरी हाच क्रम बरोबर.

रिकाम्या गाडीवर सगळं छानच दिसतं. म्हणून बॅगा भरून लावा, दोन माणसांना बसवा आणि मागचा भाग जोरात दाबा. बॅग किंवा स्टे चिमट्याला, चेन गार्डला, टायरला कुठे लागतो का? सायलेन्सर आणि बॅगेच्या मध्ये तीन-चार बोटं मावतात का? बॅग भरल्यावर फुगते आणि खाली लोंबते, त्यामुळे हे अंतर भरलेल्या बॅगेचं मोजायचं. किक असलेली गाडी असेल तर किक मारून बघा. मागे बसणाऱ्याचा पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकतो का, ते त्यालाच विचारा. मग एका बाजूला तिरपं उभं राहून इंडिकेटर दिसतात का बघा. बॅगेमागे इंडिकेटर झाकला जाणं फार सर्रास होतं, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा मनोदय कळत नाही. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून बांधा.

वजनाबद्दल एक गैरसमज आहे, की मागे सामान लादलं की पुढचं चाक उचलतं. क्लासिकच्या दोन चाकांमधलं अंतर १,३९० मिमी आहे. सोळा किलो सामानाचा मध्य मागच्या आसाच्या २० सेंमी मागे असेल, तर पुढचं चाक हलकं होतं फक्त सव्वादोन किलोंच्या आसपास. ते जाणवणारही नाही. जाणवतं ते सामानाचं हलणं आणि उंची. सैल बॅगा डुलल्या की गाडी वेगात शेपटी हलवते. त्यामुळे जड वस्तू, म्हणजे हत्यारं, कुलूप, सुटे भाग, बॅगेत तळाला आणि पुढच्या बाजूला ठेवा. दोन्हीकडे वजन सारखं ठेवा. औषधं, पॉवर बँक, खाऊ हे डावीकडच्या, सायलेन्सर नसलेल्या बॅगेत. मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करा आणि टायरमध्ये डबल सीटची हवा भरा. रात्री निघणार असाल तर हेडलाइटही थोडा खाली घ्या, कारण मागचा भाग बसला की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

डावीकडचा स्टे बसवताना साडी गार्ड आडवा येतो, आणि ‘काढून टाका ना’ हा सल्ला मिळतोच. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण गाडीला असलं पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडे ओढणी आणि पदर घेऊन लोक मागे बसतात. साडी गार्ड राखून बसणारे स्टे बाजारात मिळतात, तेच घ्या. स्वस्तातले म्हणून फ्रेमला वेल्डिंग मारून चौकट करून देणारेही भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागची फ्रेम कमजोर होते आणि ते नुकसान बॅगा काढल्यावर निघत नाही.

प्रवासात स्टे तडकलाच तर त्या बाजूची बॅग सोडवून सीटवर आडवी बांधा आणि तुटका तुकडा काढून घ्या, तो चाकापाशी लटकत ठेवू नका. शॉकअपच्या नटाखालची पट्टी काढली तर वॉशर परत घालून नट पुन्हा नीट आवळायला विसरू नका. पुढच्या गावात वेल्डिंगवाला भेटेल, पण जोडायचा तुकडा गाडीवरून काढूनच त्याच्या हातात द्या. गाडीवरच मारून देतो म्हणाला आणि दुसरा इलाज नसेल, तर निदान बॅटरीच्या वायरी आधी सोडवा.